२४ तासांची बाई म्हणजे २४ तास जागी बाई नव्हे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ८१ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. बाथरूममध्ये पाय घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला. आता वॉकर धरून हॉलपर्यंत येते. तुम्ही बंगळुरूला, भाऊ कॅनडात. पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांची बाई ठरवताय, आणि तिचं काम नेमकं काय, तिला काय सांगायचं आणि काय नाही, हे तुम्हाला हवंय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, "घरातच राहणार आहे तर स्वयंपाक आणि वरकामही तीच करेल ना?" आणि हेही, की आई म्हणते, मला बाई नकोच.

मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) केलेली नर्स. ११ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली, त्यानंतर १६ वर्षं घरोघरी बायका पाठवायच्या, त्यांना शिकवायचं आणि दोन्हीकडची भांडणं सोडवायची, हेच काम. या सगळ्यात मोडलेली जी जी व्यवस्था पाहिली, तिच्यातली निम्मी तरी तुमच्या त्या शेवटच्या ओळीपाशीच मोडलेली होती. म्हणून सुरुवात तिथून.

बाई पेशंटसाठी येते, घरासाठी नाही. आईचा चहा-नाश्ता, आईचं मऊ जेवण, आईचे कपडे, आईची खोली, आईची चादर, हे तिचं. चौघांचा स्वयंपाक, घरभर केर-फरशी, आल्यागेल्याची भांडी, दिवाळीची साफसफाई, नातवंडं सांभाळणं हे तिचं नाही. तुमच्याकडे आई एकटीच आहे, त्यामुळे दोघींचं वरण-भात-भाजी तिने केलं तर बिघडत नाही. ते आधी बोलून, पगारात धरून ठरवा. पण धुणं-भांडी-फरशीची जी बाई आहे ती काढू नका. ती काढली की पैसे वाचतात असं वाटतं. आई कमोडवर बसलेली असते आणि हिचे हात भांड्यांच्या राखेत असतात. तेवढ्यात आई "जाते माझी मी" म्हणून उठते. दुसऱ्यांदा पडणारी माणसं बहुतेक अशीच पडलेली पाहिली आहेत मी.

आता २४ तासांचं. हा शब्द आम्ही ब्युरोवाल्यांनीच रूढ केला आणि तो फसवा आहे. बाई २४ तास घरात असते. २४ तास जागी राहू शकत नाही, कोणीच राहू शकत नाही. माझ्याच अंगाशी आलेली गोष्ट सांगते. कर्वेनगरला एक आजोबा होते, पार्किन्सनचे. परभणीकडची एक बाई तिथे पाठवली, चांगली, कामाची. पाचव्या रात्री आजोबा एकटे उठले, पडले, कपाळाला चार टाके. घरच्यांचा फोन आला तशी मी तिला वाट्टेल ते बोलले, सकाळीच काढून घेतलं, एका दिवसाचा पगारही कापला. दुपारी ती हिशोबाला ऑफिसात आली. बाकावर बसली, मांडीवर कापडी पिशवी. चहा येईपर्यंत ती बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं टाकून, पिशवीची बंदं मुठीत तशीच. मग मी तिची वही उघडली. आजोबांना उठवल्याच्या वेळा लिहिल्या होत्या: ११.४०, १.१०, २.३०, ३.१५, ४.५०. पाच रात्री हेच. आणि दिवसा ती त्या घरी पाच माणसांच्या पोळ्या लाटत होती. रात्री किती वेळा उठावं लागतं, हा एक प्रश्न मी त्या घराला विचारला नव्हता. कापलेला पगार मी दिला. ती परत आमच्याकडे कामाला आली नाही.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न तोच. माझा हिशोब साधा आहे. पेशंट रात्री एक-दोन वेळा उठत असेल तर एक राहती बाई पुरते, पण दुपारी तिला सलग दोन तास झोप मिळाली पाहिजे, आई झोपते तेव्हाच. तीन-चार वेळा उठावं लागत असेल, किंवा पेशंट रात्रभर बडबडत, कपडे ओढत जागा असेल, तर १२-१२ तासांच्या दोघी ठेवा. महाग पडतं, मान्य आहे. आईची रात्रीची लघवी आधी मोजा, मग ठरवा. संध्याकाळी सातनंतर पाणी-चहा जरा आवरता घेतला, आणि लघवीची गोळी रात्रीची असेल तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारलं, तरी कित्येक घरांतल्या रात्री शांत झालेल्या पाहिल्या आहेत.

तुमच्या आईसाठी बाईच्या कामातलं सगळ्यात जोखमीचं काम कोणतं विचाराल तर पलंगावरून उठवणं. ते कसं व्हायला हवं ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आलेली बाई शिकलेली आहे की नाही हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.

पहाटेचे साडेपाच. आई म्हणते, जायचंय. बाईने आधी दिवा लावायचा, चष्मा द्यायचा, कानाचं यंत्र असेल तर तेही. मग डोक्याकडची बाजू उंच करून, पाय हळूहळू खाली सोडत आईला पलंगाच्या कडेला बसवायचं आणि तिथे थांबायचं. दोन मिनिटं तरी. रात्रभर आडवं असलेलं माणूस एकदम उभं केलं की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. या दोन मिनिटांत तिने आईशी बोलावं, चेहरा बघावा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल घालावी. सपाता नकोत. वॉकर समोर. आईचे दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. मग आईने एक हात पलंगावर दाबून उठायचं आणि बाईने कमरेपाशी आधार द्यायचा. काखेत हात घालून उचलायचं नाही. आपल्याकडे सगळे तसंच उचलतात, त्यात खांदा दुखावतो आणि आईला स्वतःचा जोर लावायची सवय मोडते. चालताना बाई ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पुढून दोन्ही हात धरून, उलटं चालत पेशंटला ओढत नेणारी बाई दिसली तर समजा की तिला कोणी शिकवलेलं नाही. वाईट नाही ती, शिकवा तिला. फिजिओथेरपिस्ट घरी येतात तेव्हा बाईला स्वयंपाकघरात पाठवू नका, शेजारी उभी करा. खरी विद्यार्थिनी तीच आहे.

सांधा बदललेला असल्यामुळे पाट, चौरंग, बुटकं स्टूल, भारतीय संडास सध्या बंद. मांडी घालणं बंद, पायावर पाय टाकून बसणंही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. ऑपरेशन कुठल्या पद्धतीने झालं त्यावर हे नियम किती कडक आणि किती दिवस ते ठरतं, म्हणून सर्जनला विचारा आणि उत्तर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. बाईला इंग्रजी डिस्चार्ज कार्ड वाचता येत नाही, हे आपण विसरतो.

आणि मालिश. तुम्ही न विचारताही सांगते, कारण हे प्रत्येक घरी होतं. कोणीतरी मावशी येते, म्हणते पायाला सूज आहे, तेल कोमट करून चोळ गं जरा. खुब्याच्या ऑपरेशननंतर एका पोटरीला सूज आली, ती दुखते, गरम लागते, तर ती चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचं जातं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बाईला हे अगदी पहिल्या दिवशी सांगा, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने मावशीला सांगा.

पाठीची काळजी, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा टाळणं. तुमची आई हालते आहे, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखी दर दोन तासांनी कूस बदलायची गरज बहुधा पडणार नाही. पण खुब्याच्या पेशंटची टाच फार लवकर बिघडते. पाय हलवायला दुखतं म्हणून तो तसाच पडून राहतो, सगळा भार टाचेवर. पोटरीखाली मऊ उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची, इतका सोपा उपाय. अंग पुसताना बाईने रोज टाचा, माकडहाड, दोन्ही खुब्यांची हाडं बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर कूस बदलून लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे तो भाग काळसर, कोमट, जरा कडक लागतो. अशा जागी चोळायचं नाही. आम्हाला नर्सिंगच्या वेळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ खसखसा चोळायला शिकवलं होतं, ते आता कोणी करत नाही. हवेची गोल रिंगही नको. मधला भाग मोकळा राहतो, पण कडेने रक्त अडतं. एअर बेड चांगला, पण तो लावला म्हणजे पाठ बघायला नको असं नाही.

अंघोळीचं काम दिसायला सोपं, निभवायला अवघड, कारण त्यात लाज आहे. ८१ वर्षांच्या बाईने आजवर स्वतःचं अंग कोणाला दाखवलेलं नसतं. चांगली बाई दार लावते, खिडकी बघते, टॉवेलने झाकत एकेक भाग पुसते, आणि जिथे आईचा हात पोचतो तिथे साबण आईच्याच हातात देते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. वेळ वाचवायला सगळं आपणच उरकणारी बाई घरच्यांना चपळ वाटते. तीन महिन्यांत आई केस विंचरायचंही विसरते. पाणी किती गरम ते बाईने कोपर बुडवून बघायचं. मधुमेह असेल तर आईच्या पावलांना चटका कळणारच नाही, म्हणून शेकायची पिशवी तिच्या पायाशी कधी ठेवायची नाही. लघवी-संडासची जागा पुसताना पुढून मागे. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात. कवळी न काढता महिनोन्‌महिने झोपणारी माणसं मी पाहिली आहेत, कारण बाईला ती कवळी आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं.

जेवण नेहमी बसून. आडवं ठेवून चमच्याने भरवणं म्हणजे घास श्वासनलिकेत लोटणं. जेवल्यावर अर्धा तास बसलेलं राहायचं. जेवताना ठसका लागतोय, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतोय, तर ते वय नाही, गिळण्यात बिघाड आहे, डॉक्टरांना सांगा. बाकी आईला भाकरी कुस्करून हवी की पोळी दुधात, हे ती दोघी ठरवतील. त्यात तुम्ही बंगळुरूहून पडू नका.

गोळ्यांचं मात्र तुम्ही ठरवा. आठवड्याचा खणांचा डबा घ्या आणि तो भरायचं काम घरच्या माणसाचं किंवा नर्सचं ठेवा. जवळ कोणी नसेल तर ओळखीच्या केमिस्टला विचारा, काही जण करून देतात. बाईने खण उघडून गोळी द्यायची, गिळली हे बघायचं, वहीत खूण करायची, बस. स्ट्रिपवरचं नाव तिला वाचता येत नसेल तर सकाळच्या खणावर सूर्य, रात्रीच्या खणावर चांदणी काढा. गोळी गिळत नाहीत म्हणून कुटून देऊ नये, काही गोळ्या पोटात सावकाश विरघळण्यासाठीच केलेल्या असतात, आधी विचारायचं. इन्सुलिन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं. एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि दोघींची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत असते. काही महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलीलाही ब्युरो सर्रास "सिस्टर" म्हणून पाठवतात आणि दर सिस्टरचा लावतात. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. तुमच्या आईला सध्या सिस्टरची गरजही दिसत नाही. कामाची, अनुभवी मावशी पुरे. जास्तीचे पैसे फिजिओथेरपीवर खर्च करा.

आता ज्या कामाला कोणी काम म्हणत नाही ते. लक्ष. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं बघतात, तुम्ही रोज व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत सगळ्या आया छानच दिसतात. बाकीचा दिवस बघणारी एकटी ही.

आमच्याकडे उदगीरकडच्या एक मावशी होत्या. शाळा चौथीपर्यंत, सही करायच्या, बाकी लिहायचा कंटाळा. मी म्हटलं, चित्रं काढा. त्यांनी वहीत कप काढायला सुरुवात केली. भरलेला, अर्धा, रिकामा. आजींनी चहा किती घेतला, पेज किती घेतली, ते कपात. लघवीला गेल्या की एक उभी रेघ. एका घरी तीन दिवस सगळे कप अर्धे आणि रेघा सातावरून तीनवर आलेल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजींनी मावशींना स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मुलगा म्हणाला, वय झालंय, विसरते हल्ली. मावशींनी मला फोन केला. "ताई, आजी आज त्यांच्या त्यांच्यात नाहीत." डॉक्टरांना बोलावलं, लघवी तपासली, तर इन्फेक्शन. ताप नाही, जळजळ नाही, फक्त माणूस भ्रमिष्टासारखं. म्हाताऱ्या माणसांत असं होतं. औषध सुरू झालं आणि पाचव्या दिवशी आजींनी चहात साखर कमी म्हणून मावशींना झापलं. मावशींनी भरलेला कप काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत जो गोंधळ उडतो त्याला दुसरं कारण असतं: लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी, आठ दिवस न झालेली संडास. बाईने "आज वेगळ्या वाटतात" म्हटलं की तुमच्या बाजूने एकच प्रश्न जावा, "काय वेगळं?" "तुला काय कळतंय" असं एकदा जरी ऐकलं तरी ती पुन्हा कधी काही सांगणार नाही.

तेव्हा एक वही ठेवा. खाणं, पाणी, लघवी, संडास, गोळ्या, झोप, चालणं, आणि एक रकाना "वेगळं काही". वही आईच्या खोलीत राहते, बाई बदलली तरी वही बदलत नाही.

अडीअडचणीला काय करायचं हे तिच्याकडून एकदा वदवून घ्या. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय: घड्याळ बघायचं, १०८ ला फोन, मग तुम्हाला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून किती वाजता सुरू झालं हे डॉक्टर आधी विचारतात. मधुमेही माणसाला दरदरून घाम, थरथर, बावरल्यासारखं: शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. आई पडली तर झटकन उचलायचं नाही. कुठे दुखतं विचारायचं, पाय वाकडा किंवा आखूड दिसतोय का बघायचं, शेजाऱ्यांना हाक मारायची. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून सगळं ठीक दिसलं तरी हॉस्पिटल. त्यासाठी घराची एक किल्ली शेजारी हवी आणि शेजाऱ्यांचा नंबर बाईच्या फोनमध्ये हवा.

तुमच्याकडून तिला काय मिळायला हवं, हे तुम्ही विचारलेलं नाही, बहुतेक कोणी विचारत नाही. झोपायला गादी, आईच्या खोलीत किंवा आवाज येईल इतक्या जवळ. तिच्या सामानाला कुलूप लागेल असा एक खण. पोटभर जेवण, वेळेवर. आई दोन घास पेज घेते म्हणून हिलाही पेजच देणारी घरं मी पाहिली आहेत. दहा-बारा तास माणूस उचलायचं तर तिला भाकरी-भाजी, आमटी-भात लागतो. आठवड्याची एक सुट्टी, किंवा गाव लांबचं असेल तर महिन्याच्या चार एकत्र, आणि त्या दिवसांची बदली बाई कोण ते आधीच ठरलेलं. तिच्याही घरी पोरं असतात, परीक्षा असतात, पोळा असतो. रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर जाऊन यायची मुभा द्या. तेवढ्यात शेजारच्या काकू आईपाशी बसतील. आईलाही दुसरं तोंड दिसेल.

कपबशी वेगळी ठेवणं, स्वयंपाकघरात येऊ नकोस म्हणणं, आडनाव विचारून बाई परत पाठवणं, हे पुण्यात आजही होतं, चांगल्या शिकलेल्या घरांत होतं. जिच्या हाताने तुम्ही ढुंगण धुवून घेता तिच्या हातचं पाणी चालत नाही, हे गणित मला या वयापर्यंत समजलेलं नाही. अशा दोन घरांतून मी बायका परत बोलावल्या, पुढे पाठवल्या नाहीत. तुमच्या आईचा असा काही हट्ट असेल तर तो ब्युरोशी नाही, आईशीच बोलून सोडवा.

पैशांचं. आईचे दागिने आणि रोख बाई यायच्या आधीच बँकेत किंवा तुमच्याकडे. ती चोर आहे म्हणून नाही. म्हातारं माणूस स्वतःची पाटली उशीच्या अभ्र्यात ठेवून विसरतं आणि संशय हिच्यावर जातो. एकदा संशय घेतलेली बाई, पाटली सापडली तरी, मनाने त्या घरात राहत नाही. दूध-भाजीसाठी वेगळं पाकीट, त्याचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर. एटीएमचा पिन, फोनवरून पैसे पाठवायचा पिन, आईची सही लागणारे कागद, यांच्याशी तिचा संबंध येऊ देऊ नका, आईने कितीही प्रेमाने दिला तरी.

कॅमेरा लावायचा तर तिला सांगून लावा, हॉलमध्ये आणि पलंगाकडे तोंड करून. अंग पुसायच्या, कपडे बदलायच्या वेळी पडदा ओढायची मुभा हवी, दोघींसाठी. आणि कॅमेऱ्यात बघून दिवसातून सहा वेळा फोन करू नका. बाई फोनकडे बघते आणि आईकडे बघायची राहते.

ब्युरोला हे विचारा. पगारातला किती भाग तिच्या हातात पडतो? कमिशन एकदाच की दर महिन्याला? ती सोडून गेली तर बदली किती तासांत? आधी कुठल्या पेशंटकडे होती, त्या घराशी बोलता येईल का? आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी तुम्ही स्वतः करून घ्या, ब्युरोच्या तोंडी भरवशावर राहू नका. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात पडेल असं बघा. आणि काम काय, सुट्टी किती, दुपारची झोप कधी, हे एका कागदावर लिहून बाई, ब्युरो आणि तुम्ही तिघांच्या सह्या. वर सांगितलेलं वरकामाचं बोलणं याच कागदावर यायला हवं. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर आईच्या फोनमध्येही घालून ठेवा.

राहता राहिलं आईचं "मला बाई नकोच." नव्वद टक्के घरांत पहिलं वाक्य हेच असतं आणि त्यात आईची चूक नाही. स्वतःच्या घरात परकं माणूस येऊन आपल्याच बाथरूममध्ये आपल्याला नेणार, हे कोणाला आवडेल? तिला "तुझ्यासाठी बाई ठेवली आहे" असं सांगू नका. बाई निवडताना आईला समोर बसवा, प्रश्न तिला विचारू द्या. दोघींची बोली जुळते का बघा. लातूरची बाई आणि सदाशिव पेठेतली आजी यांचं जमतं, पण पहिले चार दिवस एकमेकींचं बोलणं टोचतं. कामाची सुरुवात आईच्या अंगापासून नको, पहिले दोन दिवस चहा, फुलं, निवडण-टिपण. तिसऱ्या दिवशी आईच म्हणेल, जरा पाठीला साबण लाव. एकमेकींना काय म्हणायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. "ए बाई" मात्र नको, ती हाक सुरुवातीलाच बंद करा.

तुम्ही पहिले चार-पाच दिवस सुट्टी काढून या. पण बाईच्या डोक्यावर उभं राहायला नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवसातून दोनदा घराबाहेर पडा, बँकेची कामं काढा, लक्ष्मी रोडला जाऊन या. तुम्ही समोर असलात की आई प्रत्येक गोष्टीला तुम्हालाच हाक मारणार आणि बाई दाराशी उभी राहणार. परत आल्यावर दोघींना एकेकटं गाठून विचारा, काय झालं. आईने तक्रार केली, "ती फार सावकाश काम करते," तर खुशाल बंगळुरूचं तिकीट काढा. "ती फार बोलते" म्हणाली तरी काढा. आई काहीच बोलली नाही, मान फिरवून भिंतीकडे बघत राहिली, तर मात्र आणखी दोन दिवस थांबा आणि मला फोन करा.